‘तुम्ही कुणाचे?’

अर्जात तेवीस रकाने होते. संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, पॅन, तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब, जागेचा करारनामा, लाभार्थींची यादी. मी सगळे भरले. प्रत्येक कागदाच्या तीन-तीन झेरॉक्स काढल्या, प्रत्येकीवर सही-शिक्का मारला. टेबलापलीकडच्या साहेबांनी फाईल उघडलीही नाही. चहाचा घोट घेत त्यांनी विचारलं, “मॅडम, तुम्ही नेमके कुणाचे?”

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, “सर, आमची संस्था आहे. भिवंडीत अभ्यासिका चालवतो आम्ही.”

“ते कळलं हो. पण कुणाचे? म्हणजे मागे कोण आहे?”

“मागे कुणी नाही, सर.”

ते हसले. “असं कुठं असतं का?”

ते कार्यालय कोणतं, हे मी सांगणार नाही. सांगून उपयोगही नाही. छोटी-मोठी संस्था चालवणाऱ्या कुणालाही विचारा, त्यानं हे टेबल पाहिलेलं असतं. आणि ते साहेब काही दुष्ट नव्हते. अर्जात नसलेला चोविसावा रकाना त्यांनी तोंडी विचारला, एवढंच. तो रकाना कुणीच छापत नाही, पण निकाल बहुतेक वेळा त्यावरच लागतो.

हा लेख त्या चोविसाव्या रकान्याबद्दल आहे. त्यात मी सरकारवर टीका करणार आहे आणि माझ्याच बाजूच्या लोकांवरही. आधी माझ्यावर.

आमची गल्ली, त्यांची गल्ली

आमची अभ्यासिका म्हणजे दोन खोल्या. खाली लूमचा कारखाना. दिवसभर खटखट चालू असते. बाहेरून येणाऱ्याला वाटतं, इथं कुणी अभ्यास कसा करू शकेल? आमच्या पोरांना मात्र लाईट जाऊन लूम थांबले की चुकल्यासारखं होतं. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी उर्दू, कुणाच्या घरी भोजपुरी. माझ्या घरी तेलुगू. वडील तेलंगणातून इथं लूमवर आले आणि मी मराठी शाळेत शिकले. भिवंडीत असं चार घरं सोडून पाचव्या घरी सापडतं.

आम्हाला विचारधारा नाही असं मी म्हणणार नाही. भिंतीवर जोतीराव-सावित्रीबाई आहेत, बाबासाहेब आहेत, भगतसिंग आहेत, मौलाना आझाद आहेत. रविवारी वाचन असतं, त्यात संविधानाची उद्देशिका असते, जातीवर चर्चा असते, धर्मावरही असते. फक्त एमपीएससीचं पुस्तक देऊन आम्ही पोरांना परत पाठवत नाही.

दोन गल्ल्या सोडून एक मंडळ होतं. त्यांची व्यायामशाळा होती, लाठीकाठी होती, रविवारी सकाळी संस्कारवर्ग होता. त्यांच्या भिंतीवर वेगळे फोटो होते. त्यांना वाटायचं आम्ही पोरं बिघडवतो. आम्हाला वाटायचं ते बिघडवतात. रस्त्यात भेटलो तर मी त्यांच्या अध्यक्षांना ‘काय दादा’ म्हणायचे, ते ‘काय ताई’ म्हणायचे, आणि दोघंही पुढं जायचो.

आमचा अर्ज रखडला त्याच वर्षी त्यांना व्यायामाच्या साहित्यासाठी पैसे मिळाले. मी फेसबुकवर लांबलचक पोस्ट लिहिली. करदात्यांच्या पैशातून द्वेष पोसला जातोय वगैरे. तीनशेच्या वर लाइक आले. मला फार बरं वाटलं.

दोन वर्षांनी माणसं बदलली. आमच्याबद्दल आस्था असलेले एक गृहस्थ आत पोचले. त्यांनी निरोप पाठवला: तुमचं काम होईल. निधी तेवढाच आहे, तेव्हा त्यांचं यंदा थांबवतो.

आम्ही सात जण बसलो. मतदान घेतलं. सहा हात वर गेले, त्यात माझा होता. सातवे होते उर्दू शाळेतून निवृत्त झालेले आमचे सर. ते एवढंच म्हणाले, “उद्या पुन्हा माणूस बदलेल. तेव्हा काय म्हणणार आहात?” आम्ही ‘तेव्हाचं तेव्हा’ असं म्हणून विषय बदलला.

आम्हाला वीस बाकं आणि दोन कॉम्प्युटर मिळाले. त्यांच्या व्यायामशाळेचं भाडं थकलं आणि सहा महिन्यांत तिला कुलूप लागलं. मग एका संध्याकाळी बारावीचा एक मुलगा गणितं सोडवता सोडवता मला म्हणाला, “ताई, मी सकाळी तिकडे जायचो आणि संध्याकाळी इकडे. आता सकाळचं बंद पडलं.” त्याला माझ्या हाताबद्दल काही माहीत नव्हतं. तक्रारही नव्हती. तो फक्त सांगत होता.

मला तोवर सुचलंच नव्हतं की एकच पोरगा दोन्हीकडे जात असेल. आमच्या भांडणात गल्लीचे दोन भाग झाले होते. त्याच्या दिवसाचे झाले नव्हते.

माझं म्हणणं

सार्वजनिक पैसा संस्थांना द्यायचा असेल, तर तो अशा नियमानं द्यावा, जो मला न पटणाऱ्या संस्थेलाही तितकाच लागू असेल. नियम आधी जाहीर झालेला असावा. कोणाला किती मिळालं आणि कोणाला का नाकारलं, हे सगळ्यांना दिसावं. आणि अर्जदाराचं मत काय आहे, हा प्रश्न त्यात कुठंही नसावा, ना कागदावर, ना तोंडी.

हे कुणी ऐकलं की ‘बरोबर आहे’ म्हणतो. मग तो त्याच्या नावडत्या संस्थेचं नाव घेतो आणि म्हणतो, “पण त्यांना नाही हं!” तिथंच सगळं बिघडतं. ज्याला त्याला आपल्या विरोधकाचा अपवाद हवा आहे. मलाही होता.

सगळ्यांना थोडंथोडं

सध्या महाराष्ट्रात काय चाललंय ते बघा. २०२४च्या अर्थसंकल्पात पंढरीच्या वारीतल्या दिंड्यांना प्रत्येकी २० हजार रुपये जाहीर झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, मदरशांतल्या डी.एड. शिक्षकांचं मानधन ६ हजारांवरून १६ हजार झालं. एकामागून एक समाजांसाठी महामंडळं जाहीर झाली. २०२५ मध्ये गणेशोत्सव हा राज्य महोत्सव ठरला आणि १,८०० भजनी मंडळांना साहित्यासाठी प्रत्येकी २५ हजार देण्याचं ठरलं. म्हणजे साडेचार कोटी रुपये.

यातला एकेक निर्णय घेऊन त्यावर भांडता येईल, पण मला त्याची पद्धत जास्त खटकते. निवडणूक आली की प्रत्येकाच्या पानात काहीतरी वाढायचं. पंगतीत कुणी उपाशी राहिला नाही की त्याला न्याय म्हणायचं. पण पंगतीला कुणाला बोलवायचं हे यजमानच ठरवतो. ज्याच्यामागे मतं आहेत त्याला पान. भिवंडीत रात्रशाळेत जाणाऱ्या लूम कामगाराची पोरं ही काही व्होट बँक नाही. त्यांचं पान कुणी मांडत नाही.

एक गोष्ट इथं स्पष्ट करते, नाहीतर कुणीतरी माझंच वाक्य माझ्यावर फेकेल. ज्या समाजांना शतकानुशतकं शिक्षणाबाहेर ठेवलं, त्यांच्यासाठी बार्टीसारखी संस्था असणं हा पक्षपात नाही. ती जुन्या अन्यायाची भरपाई आहे आणि तिला संविधानाचा आधार आहे. मी बोलतेय ते वेगळ्या गोष्टीबद्दल: अमुक विचाराची, अमुक माणसाची संस्था म्हणून मिळणारा किंवा अडवला जाणारा पैसा.

वाढलेलं पान किती पटकन उचललं जातं, तेही पाहिलंय आपण. नोव्हेंबर २०२४च्या अखेरीस, निवडणुकीचा निकाल लागलेला आणि नवं सरकार यायचं होतं, तेव्हा राज्य वक्फ मंडळाला १० कोटी रुपये देण्याचा जीआर निघाला. आरडाओरडा झाला आणि दुसऱ्याच दिवशी तो मागे घेतला गेला. काळजीवाहू सरकार असताना असा जीआर निघणं योग्य नव्हतं, असं कारण दिलं गेलं. ते कारण मला मान्य आहे. पण बाहेरचा आरडाओरडा त्या कारणाबद्दल नव्हता, ‘त्यांना’ पैसे का, याबद्दल होता. मंडळाला पैसे कोणत्या कामासाठी हवेत, त्यांचे दस्तऐवज, त्यांची मोजणी, त्यांचे हिशेब, यावर कुणी बोललंच नाही. जीआर आला तेव्हाही नाही, गेला तेव्हाही नाही.

सरकारनं वाचायला घेतलं की

डिसेंबर २०२२. कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या पुस्तकाच्या मराठी अनुवादासाठी अनघा लेले यांना राज्य सरकारचा वाङ्मय पुरस्कार जाहीर झाला. सहाच दिवसांनी जीआर काढून तो रद्द केला गेला आणि पुरस्काराची निवड करणारी समितीही बरखास्त झाली. निषेध म्हणून काही लेखकांनी सरकारी मंडळांचे राजीनामे दिले.

पुरस्कार आणि अनुदान वेगळं, हे मला कळतं. पुरस्कार गुणवत्तेवर द्यायचा असतो, तिथं कुणीतरी वाचून ठरवावंच लागतं. म्हणून तर आपण जाणकारांची समिती नेमतो. ते पुस्तक चांगलं की वाईट, अनुवाद कसा, यावर त्या समितीनं भांडावं. पण समितीनं निर्णय दिल्यावर, पुस्तकातला विचार चालणार नाही म्हणून सरकारनं तो फिरवला, तर पुढच्या वर्षीचा परीक्षक काय करेल? तो पुस्तक वाचायच्या आधी लेखकाचं नाव वाचेल. त्याला कुणी धमकी द्यायचीही गरज नाही.

संस्थांचंही असंच होतं. आम्हाला वीस बाकं मिळाल्यावर रविवारच्या वाचनाला कोणतं पुस्तक घ्यायचं यावर चर्चा झाली, तेव्हा आमच्यातलाच एक म्हणाला, “हे नको, उगाच कुणाच्या डोळ्यावर यायला.” कुणी सांगितलं नव्हतं. बाकं बोलत होती.

पुस्तकं मोजणारा माणूस

मग निष्पक्ष अनुदान ही फक्त कल्पनाच आहे का? नाही. आपल्याच राज्यात साठेक वर्षं ती चालत आलीय. तुमच्या गावातल्या वाचनालयात जा.

१९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. वाचनालय चालवायचं लोकांनी, आणि सरकारनं अनुदान द्यायचं वर्गवारीनं: अ, ब, क, ड. वर्ग कशावर ठरतो? पुस्तकं किती, सभासद किती, वर्तमानपत्रं-नियतकालिकं किती, वाचनालय किती तास उघडं असतं, ग्रंथपाल प्रशिक्षित आहे का. तपासणीला माणूस येतो, दाखल नोंदवही बघतो, कपाटं बघतो, हिशेब बघतो. तो पुस्तकं मोजतो. ती वाचून कोणत्या पक्षाची आहेत हे ठरवणं त्याचं काम नाही.

म्हणून महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या वाचनालयात एकाच कपाटात सावरकर आणि मार्क्स, गोळवलकर आणि आंबेडकर शेजारीशेजारी धूळ खात उभे असतात. संघाच्या विचारांच्या लोकांनी चालवलेलं वाचनालय आहे, समाजवाद्यांनी चालवलेलं आहे, उर्दू वाचनालय आहे, आणि त्या सगळ्यांना एकच तक्ता लागू आहे. कपाटात काय आहे ते वाचकानं ठरवायचं, कपाट उभं आहे का ते सरकारनं बघायचं.

या व्यवस्थेला मी डोक्यावर घेत नाहीये. अनुदान तुटपुंजं असतं, वर्षानुवर्षं वाढत नाही, वेळेवर येत नाही, ग्रंथपालांच्या पगाराची दशा वाईट आहे. शासनमान्य ग्रंथांची यादी असते आणि त्या यादीत काय जातं यावर कुरबुरी असतात. २०१२च्या पडताळणीत कागदावरच चालणारी वाचनालयं सापडली आणि त्यानंतर नव्यांना मान्यता देणं बराच काळ थांबलं. आमच्यासारख्यांना त्या दारातून आत जाता आलं नाही, ते त्यामुळंच. पण त्या पडताळणीतसुद्धा प्रश्न ‘पुस्तकं आहेत का?’ हाच होता, ‘तुम्ही कुणाचे?’ हा नव्हता. नापास झालेला माणूस जाऊन नोंदवही दाखवू शकत होता. मी कुठली नोंदवही दाखवणार होते?

भिवंडीनं हे महागात शिकलंय

माझ्या वयाच्या लोकांना १९७० आणि १९८४ घरच्या गोष्टींतून माहीत आहे. कोणत्या गल्लीतून जायचं नाही हे आजी-आजोबांकडून कळतं, आणि का, हे बऱ्याच उशिरा.

७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली. जळगाव आणि महाडलाही वणवा गेला. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगानं वर्षानुवर्षं साक्षी घेऊन जो अहवाल दिला, त्यात दोन्ही बाजूंच्या संघटनांची भूमिका तपासली आहे. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे दंगलीनंतरचा तपास करणाऱ्या पोलिसांच्या विशेष पथकानं मुस्लिमांविरुद्ध पक्षपात केला, असं त्या अहवालानं स्पष्ट नोंदवलं. संघटना एका बाजूच्या असतात. त्या तशा असणारच, म्हणूनच त्या संघटना. राज्ययंत्रणा एका बाजूची झाली की मात्र दाद मागायला जागा उरत नाही.

१९८४ ला पुन्हा तेच. मग १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून इथं आले आणि मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. दोन्ही समाजांची माणसं एका खोलीत, महिन्यातून काही वेळा, गटारापासून भोंग्यापर्यंतच्या तक्रारी घेऊन. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. खोपड्यांनी नंतर त्यावर पुस्तकच लिहिलं, ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’

त्या कमिट्यांबद्दल बोलताना लोक ‘सलोखा’ हा शब्द वापरतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. कमिटीत यायला मत बदलावं लागत नव्हतं. कट्टर माणूस कट्टर म्हणूनच येऊन बसत होता. अट एवढीच होती की समोरचाही बसणार. सरकारनं दिलेलं होतं ते पैशात मोजता येणार नाही असं काहीतरी, मान्यता. पण ते दोघांना सारखं दिलं. दोन्ही बाजूंना खात्री होती की या खोलीत आपलं ऐकलं जाईल, म्हणून खोली टिकली.

आता उलट विचार करा. याच शहरात सरकारी पैसा ‘आपल्या’ माणसांकडे जातो हे दुसऱ्या बाजूला कळलं, तर तिच्या मनात काय राहतं? व्यायामशाळा बंद पडल्यावर त्या मंडळाच्या दादांनी मला ‘काय ताई’ म्हणणं सोडलं. त्यांना कळलं होतं. कसं, ते मला माहीत नाही. गल्लीत सगळं कळतं.

बाहेरच्या दोन गोष्टी

हा पेच फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांनी खटला केला होता. आमच्या फीमधून आम्हाला न पटणाऱ्या विद्यार्थी गटांना पैसे का, असा त्यांचा सवाल होता. २००० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशी फी घेता येईल, पण वाटप करताना गटाची मतं बघता येणार नाहीत. त्याच निकालात आणखी एक बारीक गोष्ट होती. त्या विद्यापीठात विद्यार्थ्यांचं मतदान घेऊनही एखाद्या गटाचा पैसा ठरवता किंवा तोडता येत होता. न्यायालयाला ते खटकलं, कारण बहुमतानं पैसा ठरायला लागला तर अल्पमताला संरक्षण कसलं? आमच्या खोलीत वर गेलेले सहा हात मला तेव्हा आठवले. आम्हीही लोकशाही पद्धतीनंच मतदान घेतलं होतं.

दुसरी गोष्ट जर्मनीची. तिथं मोठ्या पक्षांशी जोडलेल्या राजकीय प्रतिष्ठानांना सरकार भरघोस पैसे देतं. एएफडी या कडव्या उजव्या पक्षाच्या प्रतिष्ठानाला मात्र ते मिळत नव्हते. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं सांगितलं की त्यांना असं सरळ वगळता येणार नाही. वगळायचं तर संसदेनं आधी कायदा करावा, निकष ठरवावेत. मग त्याच वर्षी कायदा झाला आणि त्यात लोकशाही व्यवस्थेशी बांधिलकीची अट घातली गेली. त्या अटीवर वाद होईल, न्यायालयात जाईल. जाऊ दे. पण अट छापलेली आहे. ज्याला नाकारलं तो तिच्याकडे बोट दाखवून भांडू शकतो. चोविसाव्या रकान्याशी भांडता येत नाही, कारण तो कागदावर नसतोच.

‘म्हणजे द्वेष पसरवणाऱ्यांनाही पैसे द्यायचे?’

हा प्रश्न येणारच. माझ्याच मित्रांनी विचारलाय आणि तो हलका नाही, भिवंडीत तर नाहीच.

माझं उत्तर असं. विचारावर नको, कृत्यावर बोट ठेवा. एखाद्या संस्थेनं हिंसा केली, हिंसेला चिथावलं, पैसे खाल्ले, मुलांना मारलं, एखाद्या जातीच्या किंवा धर्माच्या माणसाला दारातून परत पाठवलं, तर पैसे बंद. पण हे ठरवताना नोटीस हवी, संस्थेला म्हणणं मांडायची संधी हवी, लेखी कारण हवं, आणि वर अपील हवं. ‘सगळ्यांना माहीतच आहे ते कसे आहेत’ हे कारण चालणार नाही. आमच्याबद्दलही कुणालातरी सगळं माहीतच असतं.

दुसरा प्रश्न येतो धर्माचा. घटनेचं कलम २७ सांगतं की एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी खर्च होणारा कर भरायला कुणावर सक्ती करता येणार नाही. हजच्या अनुदानावर सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये सांगितलं की ते दहा वर्षांत संपवा. २०१८ मध्येच ते संपलं आणि आभाळ कोसळलं नाही. माझ्या मते रेष सोपी आहे. लाखो माणसं चालतात तिथं पाणी, शौचालय, डॉक्टर, रुग्णवाहिका हे सरकारनं द्यायलाच हवं, मग ती वारी असो, उरूस असो, मोहरमची मिरवणूक असो की चैत्यभूमी. तिथं माणसं मोजा. मदरशात गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकाला पगार द्या, जसा इतर शाळेत देता. पण मंडळाच्या हातात रोख रक्कम देऊन ‘तुमची भक्ती आम्हाला आवडली’ असं सांगू नका. भक्तीला सरकारच्या शाबासकीची गरज कधी होती?

तिसरे लोक म्हणतात, मग कुणालाच देऊ नका, ज्याला हवं त्यानं वर्गणी काढावी. हे ऐकायला स्वच्छ वाटतं. पण वर्गणी कुणाला मिळते? ज्याच्या बॅनरवर आमदाराचा फोटो आहे त्याला. कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, पण गोडाऊनवाल्या कंपनीच्या माणसालाही आधी हेच जाणून घ्यायचं असतं की मागे कोण आहे. परदेशी पैशाचे नियम इतके कडक झालेत की लहान संस्थेनं त्या वाटेला न गेलेलं बरं. सरकारनं हात काढून घेतला तर मैदान मोकळं होत नाही, ज्याच्याकडे आधीच पैसा आहे त्याचं होतं.

मग करायचं काय

मागण्या साध्या आहेत. संस्थांना पैसे देणाऱ्या प्रत्येक योजनेचे निकष गुणांसकट आधी जाहीर करा. निवड करणाऱ्या समितीत सत्ताधाऱ्यांची माणसं बहुमतात नसावीत. मिळालेल्यांची आणि नाकारलेल्यांची यादी कारणासकट लावा. हिशेब सगळ्यांकडून सारखाच कडक घ्या. आणि अर्जाबाहेरचा प्रश्न विचारायला बंदी करा.

यातल्या यादीसाठी तर नवा कायदाही नको. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ मध्येच लिहिलंय की अनुदान कसं दिलं जातं, किती रक्कम आहे आणि लाभार्थी कोण, हे प्रत्येक कार्यालयानं कुणी न मागता जाहीर करायचं. करत नसतील तर तुम्ही मागा. महाराष्ट्र सरकारच्या पोर्टलवर फोनवरून अर्ज करता येतो. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. तुमच्या वॉर्डात, तुमच्या तालुक्यात मागच्या तीन वर्षांत कोणत्या संस्थांना किती मिळालं, एवढाच प्रश्न विचारा.

फक्त एक पथ्य पाळा. यादी आली की विरोधकांची नावं शोधून स्क्रीनशॉट टाकू नका. मी तेच केलं होतं. आधी तुमच्या बाजूची नावं बघा. त्यांना कोणत्या नियमानं मिळालं ते विचारा. तो प्रश्न तुम्हाला तुमच्या माणसांना विचारता आला, तर समोरच्याला विचारायचा अधिकार तुम्हाला आहे.

मीही तो अर्ज केलाय. त्यात दुसऱ्या क्रमांकावर आमच्या संस्थेचं नाव आहे: वीस बाकं, दोन कॉम्प्युटर, कोणत्या निकषावर? उत्तर आल्यावर आम्ही ते अभ्यासिकेच्या दारावर लावणार आहोत, असं आम्ही सात जणांनी ठरवलंय. या वेळी सातही हात वर होते.

गेल्या आठवड्यात मी त्या दादांकडे गेले. सगळं सांगितलं, माझ्या हातासकट. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मला माहीत होतं, ताई.” पुढच्या वर्षीचा अर्ज भरायला मी मदत करू का, असं विचारलं. ते म्हणाले, विचार करून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.

त्यांच्या व्यायामशाळेत काय शिकवलं जाणार, ते मला आजही पटत नाही. कुलूप निघालं तर मी त्यांच्याशी भांडणार आहे, पोस्ट लिहिणार आहे, पोरांना माझी बाजू सांगणार आहे. पण ते भांडण मला गल्लीत करायचंय, साहेबांच्या टेबलावर नाही.